तीनशे ग्रॅमच्या आत

तिसरं अंडं फुटलं तेव्हा पार्सलकाकांनी दोष अंड्याला दिला.

"माल सदोष आहे," गॅलरीच्या कठड्यावरून खाली वाकून ते म्हणाले. "कवच पातळ आहे. पॅकिंगला बोल लावण्यात अर्थ नाही."

खाली अंगणात त्यांची अकरा वर्षांची नात उकिडवी बसून पत्र्याच्या डब्यातला लगदा बोटानं तपासत होती. तिनं वर पाहिलं. "आजोबा, डब्याला साधा पोचासुद्धा आलेला नाही."

"मग! पॅकिंग म्हणतात ते याला!"

"हो ना. डब्याला काहीच झालं नाही, म्हणून सगळं अंड्याला झालं."

हे वाक्य काकांना वरून उद्धट आणि आतून बरोबर वाटलं. अशा वाक्यांचं जे करायचं तेच त्यांनी केलं. ते ऐकू आलं नाही असं ठरवून टाकलं.

टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीमागे चौतीस वर्षं काढल्यावर माणसाचं नाव मागे पडतं आणि खिडकीच त्याला चिकटते. काकांचं तसंच झालं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं लोटली, तरी सगळी सोसायटी त्यांना पार्सलकाकाच म्हणे, आणि कोणाला काही पाठवायचं असलं की वस्तू घेऊन त्यांच्याकडेच येई. मग काका चष्मा पुसत, दाभण काढत, कापडात वस्तू गुंडाळून एका बाजूला सोळा याप्रमाणे टाके घालत, गाठींवर लाखेचे ठसे उठवत आणि वर ठळक अक्षरात 'नाजूक' असं लिहीत. त्यांच्या हातचं पार्सल कधी फुटलं नाही, हे अगदी खरं. ते कधी सहजासहजी उघडलंही नाही, हेही तितकंच खरं. धाकट्या बहिणीला त्यांनी थंडीसाठी पाठवलेला स्वेटर तिच्या हाती लागला तेव्हा घरात पंखे फिरत होते.

आणि अशा माणसाच्या घरात ही नात जन्माला आली होती.

ती हुशार होती, गुणी होती, आणि तिच्या हातात दिलेली वस्तू जमिनीवर सापडत असे. वेंधळेपणा म्हणावा तर तसं नव्हतं. हातात पेला असताना तिचं लक्ष पेल्यातल्या पाण्यावर पडलेल्या उजेडाकडे असे, आणि उजेड काही हातात धरता येत नाही. वर्गात तिला 'भूकंप' म्हणत. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरची मुलं बाक धरून थरथरायची. तीही हसायची. पण हसून झाल्यावर दप्तर ठेवताना ते दोन्ही हातांनी ठेवायची, हे एकदा काकांनी शाळेच्या दारातून पाहिलं होतं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी तर कहर झाला. प्रयोगशाळेत तिच्या हातून तापमापकांची पेटी पडली. सहा तापमापक, सहाच्या सहा. विज्ञानाचे सर काही दुष्ट नव्हते. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "बाळ, तू आता बाकावर बसून लांबून पाहत जा. वहीत उतरव. हात नको लावूस." ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून आठ आठवडे बाकीची पोरं निळी द्रवं ओतत होती, भिंगातून कांद्याची सालं पाहत होती, आणि जिला हे सगळं करायची सर्वांत जास्त हौस, ती बाकावर हात मांडीखाली दाबून बसत होती.

अशात सरांनी फळ्यावर स्पर्धा लिहिली. दूरच्या ग्रहावर यान उतरवायचं आहे. यानात नाजूक माल आहे. माल म्हणजे अंडं, ग्रह म्हणजे शाळेचं पटांगण, आणि आकाश म्हणजे दुसऱ्या मजल्याची गॅलरी. छत्री, फुगा, पंख काही चालणार नाही. यान आणि माल मिळून वजन तीनशे ग्रॅमच्या आत. नात उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझं अंडं सुखरूप उतरलं तर मी प्रयोगशाळेत येऊ?"

सर म्हणाले, "उतरव तर आधी. मग बघू."

आता मोठ्या माणसांचं 'बघू' म्हणजे काय, हे मोठ्या माणसांना ठाऊक असतं. पण नातीनं तो शब्द सहीशिक्क्याच्या हुकुमासारखा जपून घरी आणला आणि आजोबांपुढे ठेवला. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या दाभणाकडे पाहिलं. चौतीस वर्षांची नोकरी कशासाठी झाली होती, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

"तू काळजीच करू नकोस," ते म्हणाले. काळजी सुरू झाली ती इथून.

तर तिसरं अंडं फुटलं आणि सोसायटीचे सेक्रेटरी अंगणात येऊन उभे राहिले. हे गृहस्थ दातांचे डॉक्टर. समोरच्याला तोंड उघडं ठेवायला लावून स्वतः बोलण्याची त्यांना सवय. त्यांनी जिन्याखालच्या फळ्याकडे बोट केलं. तिथे लिहिलेलं होतं: 'गच्ची, गॅलरी अथवा खिडकीतून कोणतीही वस्तू, मग ती कितीही हलकी असो, खाली टाकण्यास सक्त मनाई आहे.'

काकांचं तोंड उघडंच राहिलं. हा नियम बारा वर्षांपूर्वी सेक्रेटरी असताना त्यांनी स्वतः लिहिला होता. 'मग ती कितीही हलकी असो' या शब्दांवर तर ते इतके खूश झाले होते की सूनबाईला दोनदा वाचून दाखवले होते.

"पण डॉक्टर, हे शाळेचं काम आहे. अपवाद म्हणून..."

"काका, तुम्हीच शिकवलंत. अपवाद केला की नियमाला कीड लागते. अर्ज द्या."

"अर्ज कोणाला द्यायचा?"

"सेक्रेटरींना. म्हणजे मला. वस्तूचं वर्णन, संख्या, टाकण्याची वेळ, साफसफाई कोण करणार, आणि तळमजल्यावाल्यांचं ना हरकत पत्र."

पहिली तीन अंडी अशा रीतीनं बेकायदेशीर ठरली. काकांना याचं वाईट वाटलं, पण मनातल्या मनात ते अर्जाच्या पद्धतीवर खूशही झाले. इतका व्यवस्थित अर्ज त्यांनीही मागितला नसता.

तळमजल्यावर निवृत्त बसड्रायव्हर राहत. अंगण त्यांच्या दारासमोर. त्यांनी ना हरकत पत्र लगेच दिलं, पण सोबत सल्लाही दिला, आणि सल्ला पत्रापेक्षा लांब होता.

"पोरी, मी तीस वर्षं बस चालवली," ते नातीला म्हणाले. "बस आपटून थांबवली की मागचे उभे प्रवासी माझ्या मानगुटीवर. ब्रेक दाबायचा नसतो, मुरवायचा असतो. थांबायचं तर आहेच, पण जरा सावकाश थांबायचं."

"सावकाश म्हणजे किती?" नातीनं विचारलं.

"म्हातारीच्या मांडीवरचा डबा घसरणार नाही इतकं."

"इथे बसचा काय संबंध?" काका म्हणाले. "बसला खिडक्या असतात. पार्सलला नसतात."

ड्रायव्हर हसले. पण नातीनं खिशातून एक चुरगळलेली वही काढली आणि त्यात काहीतरी लिहून घेतलं.

परवानगी मिळाल्यावर अंगणाला जत्रेचं रूप आलं. प्रत्येक मजल्यावरून एक सल्ला खाली येऊ लागला. कोणी म्हणालं, कापसात ठेवा. कोणी म्हणालं, भिजवलेल्या कणकेत पुरा. एक जण हळूच म्हणाले, "उकडून टाका, कोणाला कळतंय?" त्यांच्याकडे काकांनी अशी नजर टाकली की ते तीन दिवस मागच्या जिन्यानं गेले. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचं मत सगळ्यांत सरळ होतं. "अंड्याची कशाला यातायात? कोंबडीच टाका. ती आपली आपण उतरेल."

काका कोणाचंच ऐकत नव्हते. चौथं अंडं भुशात दाबून बसवलं, पाचवं चिंध्यांत इतकं घट्ट आवळलं की ते टाकायच्या आधीच फुटलं. सहाव्या वेळी त्यांनी पत्र्याच्या डब्याला आतून लाकडी पट्ट्या मारल्या. ते पार्सल खाली पडलं तेव्हा अंगणातल्या फरशीचा कोपरा उडाला. अंड्याचं तर विचारूच नका. शिवाय सूनबाईनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते पार्सल ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे एक किलो नऊशे भरतंय."

"मजबुतीला वजन लागतं."

"तीनशे ग्रॅमची अट आहे ना? आणि एक विचारू का? उद्यापासून खाली पातेलं तरी ठेवाल का? सहा दिवस झाले, घरात सकाळी ऑम्लेट नाही आणि अंगणात मात्र रोज."

काका खोलीत जाऊन बसले. माणूस अपयश पचवतो, पण सुनेनं काढलेलं वजन पचवणं कठीण. ते टेबलापाशी बसले तर समोर ती चुरगळलेली वही पडली होती.

ही वही म्हणजे खरं तर शिक्षा होती. नात काही फोडे, तेव्हा सूनबाई तिला मारत नसे. ती म्हणे, "काय फुटलं, कसं फुटलं, लिहून काढ." मुलीनं लाजून पुन्हा तसं करू नये, हा हेतू. मुलगी तीन वर्षं लिहीत होती. काकांनी ही वही आजवर उघडली नव्हती. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, ही टपालातली शिस्त. पण वेष्टणावर मोठ्या अक्षरात 'कोणीही वाचा' असं लिहिलेलं होतं, आणि पत्त्यावर लिहिलेलं पाळायचं, हीही शिस्तच.

त्यांनी वाचायला सुरुवात केली.

'क्रमांक ७. दुधाचा पेला. ओट्यावरून. फुटला नाही, कारण खाली पायपुसणं होतं. मग मी उचलला. मग फुटला.'

'क्रमांक १९. काचेची बशी. टेबलावरून. काठावर पडली म्हणून फुटली. सपाट पडली असती तर वाचली असती असं मला वाटलं. दुसरी घेऊन बघितलं. नाही वाचत.'

'क्रमांक २६. आईची बांगडी. गादीवरून घरंगळत खाली. काही झालं नाही. गादीनं आधी थोडं थांबवलं, मग जमिनीनं पूर्ण थांबवलं. दोघांनी वाटून घेतलं.'

'क्रमांक ३३. मी स्वतः. जिन्यावरून. हात ताठ ठेवला असता तर मोडला असता. मी कोपरातून वाकवला. खरचटलं फक्त. वाकतं ते वाचतं.'

काकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. सत्तेचाळीस नोंदी होत्या, आणि एकीतही 'चुकून' हा शब्द नव्हता. शेवटच्या पानावर ताज्या पेन्सिलीत ड्रायव्हरांचं वाक्य होतं, त्याखाली तिनं लिहिलं होतं: 'डबा मोडला पाहिजे. म्हणजे अंडं मोडणार नाही. आजोबांना कसं सांगू?'

चौतीस वर्षांत काकांच्या हातून एकही वस्तू पडली नव्हती. म्हणजे पडण्याविषयी त्यांना काहीएक माहीत नव्हतं. आणि या पोरीनं सत्तेचाळीस वेळा बोलणी खाऊन पडणं या विषयाचा असा अभ्यास केला होता, की तिच्यापुढे काकांचा दाभण, लाख आणि नोकरी बिगरीतली ठरावी. त्यांना अभिमान वाटला. थोडा रागही आला, पण तो अभिमानाच्या मागे दडून बसला.

"तू कर," संध्याकाळी ते तिला म्हणाले. "मी बघतो फक्त."

"हात नाही लावायचा?"

"नाही लावणार."

तिनं यान केलं ते पाहून काकांनी आपले हात पाठीमागे बांधून घेतले. कागदी नळ्यांचा पिंजरा. त्यात आईचा जुना पायमोजा चार रबरबँडांनी टांगलेला, मोज्यात अंडं, कशालाही न टेकलेलं, पाळण्यात झोपल्यासारखं. आणि खाली पातळ पुठ्ठ्याच्या पाच टोकदार टोप्या, पायांसारख्या. फुंकर मारली तर हलेल असं ते प्रकरण. काकांच्या खिडकीवर कोणी असलं पार्सल आणलं असतं, तर त्यांनी आणणाऱ्याला आधी पाणी दिलं असतं आणि मग घरी पाठवलं असतं.

पहिल्यांदा टाकलं तेव्हा अंड्याला केसासारखी चीर गेली. तिनं टोप्या आणखी उंच केल्या. दुसऱ्यांदा टाकलं. टोप्या चेपल्या, नळ्या दुमडल्या, सगळं यान भाकरीसारखं सपाट झालं. तिनं मोज्यात हात घातला आणि अंडं वर धरलं.

अख्खं.

गॅलऱ्यागॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी तोंड उघडं ठेवलं. ड्रायव्हर म्हणाले, "बघा, मुरवला की नाही ब्रेक!" त्या आनंदात नातीनं दोन्ही हात वर केले आणि ते अंडंही फुटलं, पण त्या अंड्याची कोणी गणती केली नाही.

आता गोष्ट इथे संपली असती. पण काका काका होते.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी नात शाळेत होती आणि नवं कोरं यान टेबलावर ठेवलेलं होतं. शाळेकडून मिळालेलं, शिक्का मारलेलं अंडं आदल्या दिवशीच आत बसवलेलं. काका येता-जाता त्याकडे पाहत होते. इतकं उघडं! इतकं निराधार! मूल थंडीत बिनाकपड्यांचं उभं असावं तसं त्यांना वाटू लागलं. हात लावायचा नाही असं कबूल केलं होतं, ते खरं. पण ते यानाला. वरून एखादं हलकंसं वेष्टण घातलं तर त्याला यानाला हात लावणं म्हणतात का? याच्यावर त्यांनी प्रामाणिकपणे दहा मिनिटं विचार केला आणि निकाल आपल्या बाजूनं दिला.

हलकंसं वेष्टण म्हणून त्यांनी जुन्या चादरीचं कापड घेतलं. कापड घेतलं तर टाके आले. एका बाजूला सोळा. टाके आले तर गाठी आल्या, गाठींवर लाख आली. टोप्या डुगडुगत होत्या, त्याही सुतळीनं एकमेकींना आवळून घेतल्या. शेवटी वर बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहिलं आणि खाली 'नाजूक'. तीन तास गेले. इतकं सुबक काम त्यांच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

नात संध्याकाळी आली. टेबलाजवळ उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली.

"छान झालंय, आजोबा," ती म्हणाली.

काकांना वाटलं, पोरीला भरून आलं. भरून आलंच होतं. फक्त कशानं, ते त्यांनी विचारलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या गॅलरीत पालकांची ही गर्दी. दाराशी टेबल मांडून शाळेचे कारकून काटा घेऊन बसले होते. बारीक मिशी, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर कोणाचीही ओळख नसल्याचा भाव. काकांना हा माणूस पाहताक्षणीच आवडला.

कारकुनांनी यान काट्यावर ठेवलं. "तीनशे एकेचाळीस."

"अं?"

"अट तीनशेची. बाद."

"अहो, पण एकेचाळीस ग्रॅम म्हणजे..."

"काका, तीनशे एक असतं तरी बादच. नियम तो नियम."

नोकरीच्या चौतीस वर्षांत हेच वाक्य काका स्वतः किती लोकांना म्हणाले होते, त्याला गणती नव्हती. त्या वाक्याला उत्तर नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"मात्र," कारकून घड्याळ पाहून म्हणाले, "कलम पाचप्रमाणे, पुकारा होण्याआधी फेरवजन करता येतं. तुमचा नंबर अकरावा. साधारण वीस मिनिटं आहेत."

आजोबा आणि नात व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

"मी फाडू का?" नात हळूच म्हणाली. "तुम्ही तिकडे तोंड करा. तुम्हाला बघवणार नाही."

"फाडायचं नाही. आत धक्का लागेल. टाका उसवावा लागतो." काकांनी खिशातून नखं कापायचं कटर काढलं. आपलाच टाका त्यांनी जन्मात कधी उसवला नव्हता. पहिली गाठ सुटेना. दुसरी त्याहून पक्की. आपलं पार्सल घेणाऱ्याला इतकी वर्षं काय वाटत असेल, याचा विचार त्यांच्या मनात आज प्रथमच आला, आणि धाकट्या बहिणीविषयी त्यांना अपार आदर वाटला.

"काल बोलली का नाहीस?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"तुम्ही इतका वेळ शिवत बसला होतात. आणि छानच झालं होतं. खरंच."

"पण आवळलेल्या टोप्या चेपल्या नसत्या. तुला माहीत होतं."

"हो."

"अंडं फुटलं असतं."

"हो."

"मग प्रयोगशाळा?"

नातीनं पाय हलवले. "लांबूनही दिसतं तसं बऱ्यापैकी."

काकांच्या हातातलं कटर थांबलं. ही पोरगी, जिच्या हातात पेला टिकत नाही, ती एका म्हाताऱ्याचं मन गेले सोळा तास हातात धरून बसली होती आणि तिनं ते पडू दिलं नव्हतं. ते भराभरा उसवू लागले. शेवटी सुतळी सुटली. पाचही टोप्या सैल झाल्या, पिंजरा पुन्हा डुगडुगायला लागला. फेरवजन दोनशे सहा भरलं. सुटलेलं कापड, लाख आणि सुतळी खिशात कोंबून काका पटांगणात जाऊन उभे राहिले.

स्पर्धेत पंक्तीला बसावीत तशी अंडी एकापाठोपाठ एक फुटत होती. एक कापसाचा गोळा आला, फुटला. एक लाकडी खोका आला, आपटला आणि आतून पाझरू लागला. एका वकिलांच्या चिरंजीवांचं यान झाडावरच अडकलं, आणि झाड हा ग्रह आहे की आकाश, यावर वकीलसाहेबांनी पाच मिनिटं युक्तिवाद केला.

"अकरा!"

वर कठड्यापाशी नात दिसली. कोणीतरी बाक थरथरवल्याचा आवाज केला. तिनं तिकडे पाहिलं नाही. यान दोन्ही तळहातांवर धरून कठड्याबाहेर नेलं, आणि हात बाजूला केले. हेच एक काम जगात तिला सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं.

यान खाली आलं आणि त्याचा चुराडा झाला. टोप्या फसकन बसल्या, नळ्या वेड्यावाकड्या झाल्या, काहीतरी तुटल्याचा आवाज आला. "गेलं!" सगळे म्हणाले. काकांनी डोळे मिटून घेतले.

दोन मिनिटांत अंडं बाहेर काढून द्यायचं होतं. नात जिन्यावरून धावत आली. एका पायरीवर ठेचकाळली, कोपरातून वाकली, उठली. ढिगाऱ्यात हात घातला. मोजा सोडवला.

अंडं पांढरं शुभ्र, वाटोळं, शाळेचा शिक्का जसाच्या तसा.

आता फक्त वीस पावलं. परीक्षकांच्या टेबलापाशी विज्ञानाचे सर उभे होते. ही वीस पावलं ती कशी चालली, ते काकांना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. तिनं अंड्याकडे पाहिलंच नाही. ओंजळ छातीशी धरून, पाय सपाट टेकत, ती सरांकडे पाहत चालत गेली. मागच्या बाकावरच्या पोरांनीसुद्धा श्वास रोखले होते.

"सर," ती म्हणाली, आणि अंडं त्यांच्या हातात दिलं.

सरांना गहिवरून आलं. त्यांनी अंडं चिमटीत धरलं, सगळ्यांना दिसावं म्हणून उंच केलं, आणि पालकांकडे वळून म्हणाले, "मंडळी, हे पाहा..."

मंडळींनी पाहिलं. अंडं सरांच्या बोटांतून निसटलं, टेबलाच्या कडेवर आपटलं आणि थोडं नोंदवहीवर, थोडं सरांच्या बुटांपाशी पसरलं.

सरांचा हात वरच राहिला. कारकुनांनी नोंदवहीचं पान टिपकागदानं टिपलं, पेन काढलं आणि खाकरले. "अकरा नंबरची नोंद व्हायची होती. अखंड की भंग, काय लिहू? आत्ता तर भंगच दिसतंय."

काका पुढे झाले. चौतीस वर्षं खिडकीमागून जो आवाज निघायचा, तो आज पटांगणात निघाला.

"साहेब, कलम सात वाचता?"

कारकुनांनी वाचलं. "'स्पर्धकाने अंडे स्वतः बाहेर काढून दोन मिनिटांच्या आत परीक्षकांच्या हाती सोपवावे.'"

"सोपवलं?"

"सोपवलं."

"तेव्हा कसं होतं?"

"अखंड."

"घेणाऱ्यानं माल हाती घेतला की पाठवणारा मोकळा. पुढचं सगळं घेणाऱ्याच्या माथी. टपालात काय आणि ग्रहावर काय."

कारकुनांचे डोळे चमकले. नियम जाणणारा माणूस नियम जाणणाऱ्याला भेटला की असा उजेड पडतो. त्यांनी कोरड्या कोपऱ्यात वळणदार अक्षरात 'अखंड' असं लिहिलं आणि वही सरांपुढे सरकवली. "सर, पोचल्याची सही."

सरांचा उजवा हात अजून वरच होता. त्यांनी डाव्या हातानं सही केली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. आठ आठवडे बाकावर बसवलेल्या मुलीकडे पाहायची त्यांची हिंमत होईना. "सोमवारी," ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "प्रयोगशाळेत ये. पहिल्या टेबलावर."

पण नात तिथे नव्हतीच. ती काकांच्या खिशातून चादरीचं कापड ओढून काढत होती. ते घेऊन ती आली, खाली बसली, सरांच्या बुटाजवळचं कवच तिनं आधी एकेक करून वेचलं आणि मग कडेकडून मधे असं पुसून घेतलं, जसं फक्त सरावलेल्या माणसालाच पुसता येतं.

"पाय हलवू नका, सर. पसरतं," ती म्हणाली. मग कापड घडी करत उभी राहिली, आणि फक्त सरांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात तिनं समजूत घातली, "दोन दिवस चिडवतील. मग दुसऱ्या कोणाच्या हातून काहीतरी पडतं."